उत्तर येत असेल तर काय करावे?

उत्तर येत नसेल तर काय करावे, याचे शिक्षण आपल्याकडे फार लहानपणापासून मिळते. छताकडे पाहावे, पेनाचे टोपण चावावे, 'सर, आत्ता ओठांवर होतं' असे म्हणावे, आणि अगदीच गळ्याशी आले तर प्रश्नच वेगळ्या शब्दांत उत्तर म्हणून लिहून द्यावा. बी. कॉम.च्या तिन्ही वर्षांत माझा मुख्य भर याच विद्येवर होता. परंतु उत्तर येत असेल, चांगले तोंडपाठ असेल, प्रश्न पुरा व्हायच्या आत जिभेवर येऊन उभे राहिले असेल, तर काय करावे? याचे मार्गदर्शन मला कोणत्याही गाइडात सापडलेले नाही. आमच्यासारख्यांवर तशी वेळच येत नाही, हे त्याचे कारण असावे.

हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो माझ्या भाच्याबरोबर. भाचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. सहा वर्षांचा अनुभव. त्याच्या कंपनीने एका सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग घेऊन त्याचा सबंध विभागच बंद केला. सोळाव्या मिनिटाला भाच्याचे ओळखपत्र दार उघडेनासे झाले. मग वाकडचा भाड्याचा फ्लॅट सोडून, दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन तो आमच्याकडे राहायला आला. ताई आणि भाऊजी साताऱ्याला असतात. तिथल्या घराच्या कर्जाचा हप्ता भाच्याच्या पगारातून जातो, दर महिन्याच्या ५ तारखेला. बँकेतल्या माणसाला नातेवाइकांचे वाढदिवस आठवत नाहीत, हप्त्यांच्या तारखा बरोबर आठवतात.

"आता नव्या नोकरीची तयारी करायची, मामा. तीन महिने लागतील," तो म्हणाला.

मुलाखतीला तीन महिने तयारी लागते हे मला नवीन होते. आमच्या वेळी तयारी म्हणजे आदल्या रात्री शर्टाला इस्त्री, सकाळी दाढी, आणि फायलीत सर्टिफिकिटे मूळ प्रत वर, झेरॉक्स खाली, अशी लावणे. 'बँकेतच का यावंसं वाटलं?' या प्रश्नाचे उत्तर क्लासच्या नोट्समध्ये साडेपाच ओळींचे होते. ते मी म्हटले, समोरच्या तिघांनी माना डोलावल्या. माना कुठे डोलवायच्या हे त्यांनाही पाठ असावे. आता तेही राहिले नाही. सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, आणि बँकेच्या क्लार्कचीही मुलाखत गेली. त्यामुळे आमच्या शाखेतली नवी पोरे 'बँकेतच का?' हा प्रश्न कुणी न विचारताच आत आली. तो प्रश्न ती आता स्वतःला विचारतात, बहुधा मार्चअखेरीस.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र मुलाखत म्हणजे सप्ताह असतो. आधी ऑनलाइन परीक्षा, मग कोडिंगची एक किंवा दोन फेऱ्या, मग सिस्टिम डिझाइन, आणि शेवटी एचआर. या यज्ञासाठी गेल लाकमन मॅकडॉवेल नावाच्या बाईंनी एक जाडजूड पोथी लिहून ठेवली आहे. तिच्या २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न उत्तरांसकट आहेत. ते संपले तर लीटकोड नावाचे संकेतस्थळ आहे, त्यावर तीन हजारांहून जास्त प्रश्न. आणि इतके कोण करणार, म्हणून त्यांतले निवडक ७५ काढून कुणा सज्जनाने यादी केली आहे. तिला 'ब्लाइंड सेव्हंटी-फाइव्ह' म्हणतात. यादी पाहताच माझा ऊर भरून आला. दहावीला आपण ज्याच्या आधाराने तरलो तो 'एकवीस अपेक्षित' इथपर्यंत पोचला होता, फक्त महागाईमुळे पंचाहत्तर झाला होता.

प्रश्नही मला परके वाटले नाहीत. 'क्यू' म्हणजे आमची काउंटरपुढची रांग, पहिला आला तो पहिला सुटणार. 'प्रायॉरिटी क्यू' म्हणजे त्याच रांगेत मॅनेजरसाहेबांच्या ओळखीचा माणूस. 'स्टॅक' म्हणजे साहेबांच्या टेबलावरचे कागद, वरचा आधी हलतो आणि तळाचा साहेबांच्या बदलीनंतर. लीटकोडवरचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न असा, की आकड्यांची एक माळ दिली आहे, त्यांतले कोणते दोन मिळवले की अमुक बेरीज येते ते शोधा. याला हे लोक 'टू सम' म्हणतात. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या हेडकॅशियरांनी जुन्या खतावण्यांच्या काळातली ही विद्या मला शिकवली होती. ताळेबंद जुळत नाही, फरक येतोय, तर मुकाट्याने व्हाउचरे काढायची आणि कोणती दोन मिळून तेवढी होतात ते बघायचे. फरकाला नऊने भाग गेला तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिले असण्याचा संभव. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसली तर ती नावेऐवजी जमेला पडलेली असायची. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा त्याने प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले. "मामा, हा अल्गोरिदम आहे," तो म्हणाला. इतकी वर्षे मी त्याला कटकट म्हणत होतो.

मात्र या प्रश्नांना वेळ मिळतो वीस-पंचवीस मिनिटे. आता 'बायनरी सर्च' घ्या. क्रमाने लावलेल्या यादीत नाव शोधायचे तर मधले पान उघडा, नाव पुढे असेल तर मागची निम्मी यादी सोडा, मागे असेल तर पुढची. संगणकवाल्यांचे व्यासमुनी डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवले आहे, की ही युक्ती १९४६ साली छापून आली, पण कितीही लांबीच्या यादीला बरोबर चालेल अशी १९६० साली. म्हणजे जगातल्या विद्वानांना चौदा वर्षे लागली. बरे, तेवढ्यावर भागले नाही. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीर केले, की जावा भाषेसाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये नऊएक वर्षे एक चूक दडून बसली होती. मधले पान काढायला दोन आकडे मिळवायचे असतात, ते फार मोठे झाले की बेरीज खान्यात मावत नव्हती. आमच्या भाच्याने हे सगळे वीस मिनिटांत, बिनचूक, आणि मोठ्याने बोलत करायचे.

आणि नाही केले तर? मॅक्स हॉवेल नावाच्या गृहस्थाने 'होमब्रू' नावाचे एक साधन तयार केले, ते जगभरचे प्रोग्रॅमर रोज वापरतात. २०१५ साली त्याने ट्विटरवर चिडून लिहिले, की गूगलचे बहुतेक इंजिनिअर माझे सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर एक बायनरी ट्री उलटे करता आले नाही म्हणून मला घेतले नाही. म्हणजे केळकरांच्या भाकऱ्या सगळा गाव खातो, पण केळकरांना पोळपाट उलटा धरता येत नाही म्हणून स्वयंपाकाचे काम नाही.

अशा वेळी पोरांनी पाठांतर करू नये तर काय करावे?

महिन्याभराने भाचा मला म्हणाला, "मामा, आता मॉक इंटरव्ह्यू. तू फक्त प्रश्न वाचायचास, चेहरा गंभीर ठेवायचास आणि अधूनमधून 'याहून लवकर होईल का?' विचारायचंस."

हे वाक्य गिऱ्हाइके मला वीस वर्षे विचारत आली आहेत. दुसऱ्याला विचारण्याची संधी प्रथमच येत होती. मी खुर्ची ओढून बसलो. प्रश्न वाचला. भाच्याने चाळीस सेकंदांत उत्तर दिले.

"शाबास!" मी म्हणालो.

"नाही, मामा. फार लवकर झालं. पाठ आहे असं वाटेल."

"पण पाठ आहेच ना?"

"आहेच रे. पण वाटता कामा नये."

मग 'सुचण्याची' तालीम सुरू झाली. आधी प्रश्न पुटपुटत पुन्हा वाचायचा. मग आपल्याला ठाऊक असलेल्या दोन शंका विचारायच्या. मग एक रडकी, वेळखाऊ रीत सांगायची, आणि 'हे काही बरोबर नाही' अशी मान हलवायची. मग डावीकडे वर, भिंत आणि छत मिळतात तिथे, पाहायचे. दहा सेकंद शांतता. "एक मिनिट..." आणि मग चेहऱ्यावर उजेड. बाकीचे पहिल्याच दिवशी जमले, उजेड तिसऱ्या दिवशी जमला. तो इतका खरा होता, की आमची सौ. स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, त्याला काहीतरी सुचलं वाटतं."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पाठ केलेले उत्तर देणे यात गैर काही नाही, हे मला पटत होते. मग ते पाठ नसल्यासारखे देण्यात काय गैर होते? काहीतरी खुपत होते खरे.

ताईला फोनवर विचारले, तर ती उसळलीच. "दहावीला अपेक्षितमधला प्रश्न आला तेव्हा कुणी उठून सुपरवायझरला सांगितलं होतं का, की सर, हा मला येतो, दुसरा द्या?" शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "पाठांतराशिवाय विद्या नाही." सौ. म्हणाली, "नटाला पाचशेव्या प्रयोगालाही वाक्य आत्ताच सुचल्यासारखंच म्हणावं लागतं. त्याला कुणी लबाड म्हणतं का?" तिचे बरोबर होते. गवयाने सहज घेतलेली तान वर्षानुवर्षे घोटलेली असते. कीर्तनकारबुवा पूर्वरंगात नेमके कुठे अडखळायचे ते ठरवून येतात. मंडईत भाजीवाली 'परवडत नाही हो' म्हणते तेव्हा ती खोटे बोलते असे कुणी मानत नाही, आणि आपण दोन पावले पुढे जातो तेव्हा खरोखर निघालो आहोत असे तीही मानत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाबद्दल तर बोलायलाच नको. तिथे पोह्यांपासून लाजण्यापर्यंत सगळेच आधी करून पाहिलेले असते.

मी या सगळ्यांना रांगेत उभे करून तपासले. नटाचा प्रेक्षक तिकीट काढून येतो, त्याला ठाऊक असते. मंडईतले दोघेही जाणते. दोघांना ठाऊक असलेले खोटे हे खोटे नसते, रिवाज असतो. मग मुलाखत घेणाऱ्याला उमेदवार पाठ करून येतो हे ठाऊक नसते का? चांगलेच असते. तोही त्याच पंचाहत्तरांतून आत गेलेला. पण मग सगळेच ठाऊक असेल, तर ते दहा सेकंद छताकडे पाहायचे कशासाठी? ज्या अर्थी चेहऱ्यावर उजेड आणावा लागतो, त्या अर्थी कुणीतरी फसावे अशी अपेक्षा आहे. उत्तरात खोटे काही नव्हते. खोटे होते ते त्या दहा सेकंदांत.

दुसरे असे, की नाटकात तिसरा माणूस नसतो. नट आणि प्रेक्षक, खेळ खलास. मुलाखतीच्या दाराबाहेर मात्र आणखी एक पोरगा बसलेला असतो. त्याने तो प्रश्न कधी पाहिलेला नसतो. तो खरोखर विचार करतो, खरोखर अडतो, चाळीस मिनिटे घेतो, आणि त्याच्या कागदावर 'हळू' असा शेरा पडतो. त्याच्याही घरी ५ तारीख येत असणार.

इथे मला आमच्या हेडकॅशियरांची आठवण झाली. आता ते निवृत्त आहेत. बँकेत संध्याकाळी कॅश मोजताना कमी भरली तर कॅशियरच्या खिशाला खार, हे सर्वांना माहीत असते. पण जास्त भरली तर? नव्या माणसाला वाटते, नशीब. तसे नसते. जास्तीची रक्कमही रीतसर वेगळ्या खात्यात जमा दाखवावी लागते. हेडकॅशियर म्हणायचे, "कमी आलेली कॅश ही आपली चूक असते. जास्त आलेली कॅश ही कुणाची तरी असते." ओळखीचा प्रश्न येणे ही मला तशी जास्तीची कॅश वाटू लागली.

पण हे मी भाच्याला सांगितले नाही. बेकार माणसाला नीतीचे पाठ देणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महात्म्य सांगणे. त्यातून ५ तारखेचा हप्ता माझ्या नव्हे, त्याच्या डोक्यावर होता.

मुलाखत आमच्या आतल्या खोलीतून, लॅपटॉपवर झाली. तासभर कुकरच्या शिट्टीला आणि दारावरच्या बेलला बंदी होती. भाचा बाहेर आला तो हसत. मला वाटले, जिंकला.

"मामा, तोच आला. आपण अकरा वेळा केलेला."

"मग?"

"मग काय! प्रश्न पुटपुटलो, दोन शंका विचारल्या, मान हलवली, डावीकडे वर बघितलं, आणि तिथं तू दिसलास. खुर्चीत बसून 'याहून लवकर होईल का' विचारताना. मला हसूच फुटलं. मग म्हटलं, मॅडम, खरं सांगू का, हा मी सोडवलेला आहे. दुसरा विचारा."

"त्या काय म्हणाल्या?"

"थँक यू म्हणाल्या. मग दोन मिनिटं शोधत होत्या. त्यांनीही तो एकच आणला होता!"

दुसरा प्रश्न त्याला पाऊण सुटला. मॅडमनाही तो नवा असावा, कारण दोघे मिळून अडले आणि दोघे मिळून पुढे सरकले. "पण मामा, ती वीस मिनिटं मला मजा आली रे," भाचा म्हणाला. सहा वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून मी कामाबद्दल 'मजा' हा शब्द प्रथमच ऐकत होतो.

आठ दिवसांनी मेल आले. इंग्रजीत होते, फार सभ्य होते, आणि पहिल्या ओळीतच त्यांना खेद झालेला होता.

त्यावर आमच्या घरात पुन्हा परिसंवाद झाला. सौ.च्या मते तो हरिश्चंद्र होता, भाऊजींच्या मते गाढव. मुख्याध्यापकांनी दोहोंत फारसे अंतर नसते असा निर्वाळा दिला. मला मात्र निराळेच काही टोचत होते. प्रामाणिकपणा माणसाने जरूर करावा, पण तो स्वतःच्या पैशाने करावा. भाच्याची शिल्लक संपत आली होती. पुढच्या ५ तारखेचा हप्ता ताईच्या मुदत ठेवीतून जाणार होता. मोह टाळला मुलाने आणि किंमत मोजली आईने, हा जमाखर्च कोणत्या नीतीत बसतो? हरिश्चंद्रानेही सत्यासाठी बायको विकली, पण तारामतीला विचारले होते की नाही, याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. सत्याची ठेव बहुतेक वेळा जॉइंट खात्यात असते, आणि सही एकट्याचीच चालते, ही त्यातली गोम आहे.

पुढे दोन महिन्यांनी भाच्याला एका लहान कंपनीत नोकरी मिळाली, पहिल्यापेक्षा कमी पगाराची. तिथे सगळेच प्रश्न अनोळखी आले, त्यामुळे नैतिक अडचण उद्भवली नाही. पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली.

ताईची ठेव माझ्याच शाखेत आहे. भाऊ काउंटरवर असताना दुसऱ्या बँकेत पैसे ठेवणे तिला भाऊबीज चुकवल्यासारखे वाटते. ठेव मोडायला ती साताऱ्याहून एसटीने आली. मी फॉर्म पुढे केला, मुदतीआधी मोडल्यामुळे एक टक्का व्याज कमी मिळेल हे सांगितले. ती सही करता करता म्हणाली, "शहाणा असता तर गप्प बसला असता. काय बिघडलं असतं?" मी काहीच बोललो नाही. काउंटरवर बसून वाद घालायची आमची पद्धत नाही.

रक्कम तिच्या खात्यात जमा झाली. मी पावती दिली. ती घेऊन ती दारापर्यंत गेली, चष्मा लावून वाचत तिथेच थांबली, आणि रांगेतल्या सगळ्यांना बाजूला सारत परत माझ्या खिडकीशी आली.

"अरे," ती खालच्या आवाजात म्हणाली, "व्याज थोडं जास्त लागलंय की काय यात? बघ बरं एकदा. उगाच कुणाच्या अंगावर नको यायला."

मी हिशोब पुन्हा केला. व्याज बरोबर होते. रांगेतले पुढचे गृहस्थ विचारत होते, "याहून लवकर होईल का?"